याखिमोव्ह : एकाच डोंगराच्या शिरांतून निघालेला इतिहास

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "आईवडिलांबरोबर आम्ही चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोव्ही व्हारी येथे आठवडाभर राहणार आहोत. जवळच्या डोंगरात याखिमोव्ह नावाचे लहान गाव आहे. डॉलरचे मूळ तिथे, मादाम क्युरींचे रेडियम तिथले, आणि कम्युनिस्ट राजवटीतल्या कैद्यांच्या छावण्याही तिथेच, असे वाचले. एवढ्याशा गावात हे सगळे खरोखर घडले, की पर्यटकांसाठी रंगवून सांगतात? एक दिवस द्यावा का? किरणोत्साराचा धोका किती? आणि आईचे गुडघे दुखतात, तर तिने तिथले स्नान घ्यावे का?"

माझा व्यवसाय खनिज-भूविज्ञानाचा. धातुशिरांचे नकाशे करणे आणि जुन्या खाणगावांचा अभ्यास करणे यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि याखिमोव्हशी माझा परिचय त्याच निमित्ताने झाला. त्यामुळे स्नानाच्या वैद्यकीय बाजूबद्दल मी मर्यादितच बोलू शकेन. बाकीच्या प्रश्नांना मात्र सविस्तर उत्तर देतो.

आपण ऐकलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अडचण अशी की त्या सुट्या सुट्या सांगितल्या जातात आणि मग योगायोगाची माळ वाटू लागतात. नाणे, रेडियम आणि तुरुंग यांचा एकमेकांशी काय संबंध, हा आपल्या प्रश्नातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गावाच्या रस्त्यांवर मिळत नाही, गावाखालच्या खडकात मिळते. तेव्हा आधी भूगोल पाहू.

क्रुश्ने होरी ही पर्वतरांग चेक प्रजासत्ताक आणि जर्मनीतला सॅक्सनी प्रांत यांच्या सीमेवर पसरलेली आहे. तिची ठेवण एकतर्फी आहे. उत्तरेकडे, म्हणजे सॅक्सनीच्या बाजूला, ती हळूहळू उतरत जाते. दक्षिणेकडे मात्र मोठ्या प्रस्तरभंगामुळे, म्हणजे खडक भेगेवर तुटून वरखाली सरकल्यामुळे, उभा कडा तयार झाला आहे आणि त्याच्या पायथ्याशी ओह्रझे नदीचे खोरे आहे. कार्लोव्ही व्हारी या खोऱ्याच्या बाजूला आहे, तर याखिमोव्ह तिथून साधारण वीस किलोमीटर उत्तरेला, त्या तीव्र उतारात ओढ्याने कोरलेल्या एका अरुंद घळीत. घळीला रुंदी नसल्यामुळे गावालाही रुंदी नाही. ओढ्याकाठचा एक लांब चढता रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी, आणि घरांच्या मागे लगेच डोंगर. खाली स्नानगृहे आणि हॉटेले, वर जुने गाव. त्याहून वर गेले की १,०२८ मीटर उंचीवरचे बोझी दार हे चेक प्रजासत्ताकातले सर्वांत उंच शहर लागते, आणि शेजारी १,२४४ मीटरचे क्लिनोव्हेत्स हे या रांगेतले सर्वोच्च शिखर. हिवाळा लांब, शेतीला माती पातळ. धातू नसता तर इथे शहर वसवण्याचा विचार कोणाच्याही मनात आला नसता.

आता खडक. याखिमोव्हचा डोंगर मुख्यतः अभ्रकयुक्त शिस्टचा, म्हणजे पापुद्र्यांसारख्या थरांच्या खडकाचा, आहे आणि त्याच्या पोटात खोलवर ग्रॅनाइट आहे. शिस्टमधल्या उभ्या भेगांतून कढत द्रावणे वर येत राहिली आणि त्यांतली खनिजे भेगांत साचून शिरा तयार झाल्या. या शिरांचे दोन प्रमुख संच आहेत : साधारण पूर्व-पश्चिम जाणारा आणि साधारण उत्तर-दक्षिण जाणारा. श्रीमंत धातुक, म्हणजे धातू ज्यातून काढतात तो दगड, मुख्यतः उत्तर-दक्षिण शिरांत सापडले, आणि जिथे दोन संच एकमेकांना छेदतात तिथे खाणकामगाराचे नशीब अनेकदा उघडले. या शिरांत चांदीबरोबर कोबाल्ट, निकेल, बिस्मथ आणि आर्सेनिक असते, आणि त्यांच्या जोडीला युरेनियम. ढोबळमानाने वरच्या भागात चांदीचे वैभव, त्याखाली कोबाल्ट-निकेल-बिस्मथ, आणि खोलात काळ्याकुट्ट पिचब्लेंडचे, म्हणजे युरेनियमच्या धातुकाचे, वाढते प्रमाण असा क्रम दिसतो. प्रत्यक्षात हे थर इतके स्वच्छ वेगळे नाहीत. चांदी आणि पिचब्लेंड एकाच शिरेत शेजारी शेजारीही आढळतात. तरी हा क्रम लक्षात ठेवला की गावाचा इतिहास पुष्कळ सोपा होतो, कारण पाचशे वर्षे माणसे त्याच शिरा खणत राहिली. त्यांतल्या कशाला किंमत द्यायची, एवढेच काळाप्रमाणे बदलत गेले.

चांदीचा शोध लागला तेव्हा डोंगराच्या पलीकडच्या सॅक्सन बाजूला खाणकाम आधीच भरात होते. तिथले आनाबेर्ग हे शहर १४९६ मध्ये वसले होते. संत आना ही येशूची आजी आणि संत योआखिम तिचा पती. म्हणून डोंगराच्या अलीकडच्या बाजूच्या नव्या वस्तीला १५१६ मध्ये संत योआखिमची दरी असे जर्मन नाव मिळाले, ते योआखिम्सटाल. जमिनीचे मालक श्लिक घराण्यातले सरदार होते आणि या उद्योगामागची मुख्य व्यक्ती काउंट श्टेफान श्लिक. सॅक्सनीतून अनुभवी कामगार लोटले, १५२० मध्ये गावाला स्वतंत्र खाणशहराचा दर्जा मिळाला, आणि १५३०च्या दशकात लोकसंख्या सुमारे १८,००० वर जाऊन बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातल्या, राज्यात प्राग खालोखाल हेच मोठे शहर झाले. आज इथे अडीच हजारांच्या आत माणसे राहतात, हे वर चढताना ध्यानात असू द्यावे.

डॉलरविषयी आपण जे वाचले ते बरोबर आहे, पण त्यात एक दुरुस्ती करायला हवी. चांदीचे मोठे, जड नाणे पाडण्याची कल्पना याखिमोव्हची नाही. टिरोलमध्ये १४८६ पासून आणि त्यानंतर सॅक्सनीत अशी नाणी निघत होती. श्लिकांनी केले ते निराळे. कच्ची चांदी विकण्याऐवजी त्यांनी ती जागेवरच नाण्यांत घातली. १५२०च्या आरंभी त्यांच्या नाणे पाडण्याच्या हक्काला बोहेमियाच्या सरदारसभेची मान्यता मिळाली, आणि एका बाजूला संत योआखिम व दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह असलेले, सुमारे २९ ग्रॅमचे नाणे त्यांनी अफाट संख्येने बाजारात सोडले. आधीची नाणी थोडी होती. हे नाणे लाइपझिगच्या जत्रेपासून दूरवरच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या हाती पडले. म्हणून लोकांच्या तोंडी नाव बसले ते याच दरीचे : योआखिम्सटालर, मग नुसते टालर किंवा थेलर, आणि पुढे डच व इंग्रजी वळणे घेत डॉलर. नाव रूढ होण्यामागे नव्या कल्पनेपेक्षा पुरवठ्याची ताकद होती, असे माझे मत आहे. श्टेफान श्लिक १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत नाहीसा झाला आणि १५२८ मध्ये हाब्सबर्ग राजा पहिला फर्डिनांड याने टांकसाळ आपल्या ताब्यात घेतली. राजाने बांधलेली टांकसाळीची इमारत जुन्या गावात अजून उभी आहे आणि तिच्यातच संग्रहालय आहे.

मराठी वाचकासाठी एक जोडकथा. टालरच्या कुळातले सर्वांत भटके नाणे म्हणजे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचे थेलर. ते कधीही पाडले तरी त्यावर १७८० हेच वर्ष असते, आणि तांबड्या समुद्राभोवतीच्या व्यापारात ते विसाव्या शतकातही चालत होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये, ब्रिटिशांनी हे नाणे आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडून घेतले. याखिमोव्हच्या चांदीशी त्याचा संबंध नाही; वंश मात्र तोच.

वैभवाच्या त्याच काळात, १५२७ पासून काही वर्षे, गेओर्ग आग्रिकोला इथे नगरवैद्य होता. रोग्यांना तपासता तपासता त्याने खाणी, भट्ट्या, पाणी उपसण्याची यंत्रे आणि खनिजे यांचे जे निरीक्षण केले, त्यातून खाणशास्त्रावरचा त्याचा लॅटिन महाग्रंथ तयार झाला. तो त्याच्या मृत्यूनंतर १५५६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढची सुमारे दोन शतके या विषयाचा मुख्य आधार राहिला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९१२ मध्ये ज्या दांपत्याने केला, त्यातले पती हर्बर्ट हूव्हर हे खाण अभियंते पुढे डॉलरच्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. आग्रिकोलाने खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या रोगांबद्दलही लिहिले आहे. कार्पेथियन खाणींच्या प्रदेशात एकामागून एक सात नवरे केलेल्या स्त्रिया आढळतात, कारण नवरे लवकर मरतात, हे त्याचे वाक्य आमच्या व्यवसायात सगळ्यांना माहीत असते. क्रुश्ने होरीतल्या त्या रोगाचे एक मोठे कारण खाणीतल्या हवेतला रेडॉन, म्हणजे युरेनियमयुक्त खडकातून सुटणारा किरणोत्सारी वायू, हे होते; ते कळायला विसावे शतक उजाडले.

उतार लवकर लागला. खाणी जसजशा खोल गेल्या तसतसे पाणी उपसण्याचा खर्च वाढला. १५४५ पासून दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीची चांदी युरोपात येऊ लागली आणि चांदीची किंमत घसरली. शिवाय गाव लूथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट, होते. १६२० मध्ये बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांचा पराभव झाल्यानंतर बोहेमियात कॅथलिक धर्म सक्तीचा झाला, तेव्हा पुष्कळ कुटुंबे डोंगर ओलांडून सॅक्सनीत गेली. पुढची दीड-दोन शतके गावाने कोबाल्ट, बिस्मथ आणि उरल्यासुरल्या चांदीवर काढली. या काळात खाणकामाचे शिक्षण देणारी शाळा १७१६ मध्ये इथे सुरू झाली, याखेरीज थांबून पाहण्यासारखे फारसे नाही.

मग पिचब्लेंडची पाळी आली. चांदीच्या खाणकामगारांना हा जड काळा दगड नकोसा होता. तो दिसू लागला की चांदी संपत आली असे ते समजत आणि तो बाहेर फेकून देत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोट याने १७८९ मध्ये युरेनियम शोधले ते याखिमोव्हच्या दगडातून, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळेल. त्याचा नमुना वास्तविक सीमेपलीकडच्या योहानगेओर्गेनश्टाटचा होता. याखिमोव्हचे महत्त्व पुढे आले, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जेव्हा इथे युरेनियमचे रंग बनवण्याचा सरकारी कारखाना निघाला. त्या रंगांनी काचेला जी पिवळी-हिरवी झाक येते, तिला बोहेमियाच्या काच-उद्योगात मोठी मागणी होती. कारखान्यातून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला तपकिरी चोथा जंगलात टाकला जाई.

मारी आणि पिएर क्युरी यांना नेमका हा चोथाच हवा होता. युरेनियम काढून घेतल्यानंतरही पिचब्लेंडच्या अवशेषांत तीव्र किरणोत्सार राहतो, म्हणजे त्यात आणखी काही मूलद्रव्य असले पाहिजे, असे त्यांचे अनुमान होते. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष, भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस, यांच्या मदतीने ऑस्ट्रियन सरकारने तो चोथा पॅरिसला पाठवला. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम या दोन नव्या मूलद्रव्यांची घोषणा झाली. पुढे कित्येक टन माल हातावेगळा केल्यावर १९०२ मध्ये मारी क्युरींच्या हाती रेडियमच्या शुद्ध क्षाराचा एक दशांश ग्रॅम आला. त्यानंतर ऑस्ट्रियाने धातुकाच्या निर्यातीवर बंधने घातली आणि याखिमोव्हमध्येच रेडियमचे उत्पादन सुरू केले. १९२५ मध्ये मारी क्युरींनी गावाला भेट दिली. तोवर मात्र बेल्जियन काँगोतले कितीतरी श्रीमंत धातुक बाजारात येऊन रेडियमचा भाव कोसळला होता. समुद्रापलीकडच्या खाणीने या गावाचे कंबरडे मोडण्याची ही दुसरी खेप, पहिली पोतोसीची.

स्नानगृहांची हकीकतही खाणीतूनच आली आहे. गावाच्या वरच्या अंगाला स्वोर्नोस्त ही १५१८ पासूनची खाण आहे. १८६४ मध्ये तिच्या बाराव्या पातळीवर, सुमारे ५०० मीटर खोलीवर, काम चालू असताना कोमट पाण्याचा एवढा मोठा झरा फुटला की खाण बुडाली. रेडियमच्या शोधानंतर या पाण्यात रेडॉन विरघळलेला असल्याचे उघड झाले, १९०६ मध्ये पहिले उपचार सुरू झाले आणि १९१२ मध्ये रेडियम पॅलेस हे भव्य हॉटेल उघडले. धातुकाचे खाणकाम केव्हाच थांबले. स्वोर्नोस्त मात्र आजही चालू आहे आणि तिच्यातून निघते ते केवळ पाणी.

आता तिसरी गोष्ट, जी पर्यटनपत्रकांत बहुधा शेवटच्या दोन ओळींत उरकलेली असते. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हा जर्मनभाषक प्रदेश हिटलरच्या जर्मनीला जोडला गेला. युद्ध संपल्यावर जर्मन रहिवाशांना हाकलण्यात आले, आणि चारशे वर्षांपूर्वी सॅक्सनीतून आलेल्या लोकांचे गाव जवळपास रिकामे झाले. नोव्हेंबर १९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाशी गुप्त करार करून युरेनियम देण्याचे मान्य केले. अणुबाँबच्या घाईत सोव्हिएत संघाला लागेल तेवढे धातुक हवे होते आणि याखिमोव्हमध्ये कामगार नव्हते. आधी जर्मन युद्धकैदी आणले गेले. १९४९ पासून खाणींच्या तोंडाशीच काटेरी तारांच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत राजकीय कैदी आले : शेतकरी, धर्मगुरू, विद्यार्थी, जुने सैनिक. १९५० मध्ये अटक झालेल्या राष्ट्रीय आइस हॉकी संघातले खेळाडूही त्यांत होते. शेवटची छावणी १९६१ मध्ये बंद झाली आणि युरेनियमचे खाणकामही त्यानंतर लवकरच थांबले.

पायथ्याच्या ओस्त्रोव्ह गावाजवळ विटांचा एक मनोरा आहे. तिथे कैदी धातुक दळत, चाळत आणि पिंपांत भरून सोव्हिएत संघाकडे जाणाऱ्या गाड्यांत चढवत. नाकातोंडाला पुरेसे संरक्षण नसताना ती धूळ त्यांच्या फुप्फुसांत जात होती. लोक त्याला मृत्यूचा मनोरा म्हणत. २०१९ मध्ये या पर्वतरांगेच्या खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात दोन्ही देशांतील मिळून २२ ठिकाणे आहेत, याखिमोव्हचा परिसर आहे आणि हा मनोराही आहे. चांदीच्या सुबक टांकसाळीबरोबर या मनोऱ्यालाही वारसा मानले, हा निर्णय मला योग्य वाटतो.

तर एक दिवस द्यावा का? केवळ सुंदर चौक आणि रंगीत घरे पाहायची असतील तर नको. १८७३ च्या आगीत जुन्या गावाचा मोठा भाग जळाला आणि मुख्य रस्त्यावर आजही काही घरे पडक्या अवस्थेत दिसतील. वाचलेल्या गोष्टींची जागा प्रत्यक्ष पाहायची असेल तर जरूर द्यावा. मी खाणगावात गेलो की आधी तीन गोष्टी शोधतो : पाणी कुठून बाहेर येते, टाकलेला दगड कुठे आहे आणि पैसा कुठे साठवला जात होता. इथे ओढा, डोंगरउतारावरचे सपाट माथ्याचे, आता झाडी वाढलेले ढिगारे आणि टांकसाळ ही त्यांची उत्तरे आहेत. आईवडिलांना चढ झेपणार नसेल तर वाहनाने थेट वरच्या गावात जावे, टांकसाळीतले संग्रहालय आणि संत योआखिमचे चर्च पाहावे आणि मग रस्त्याने सावकाश खाली स्नानगृहांकडे उतरावे. आपल्यापैकी धडधाकट असतील त्यांनी छावण्यांच्या जागा जोडणारी फलकांची पायवाट थोडीतरी चालावी. 'बोगदा क्रमांक १' हा कैद्यांच्या काळातला बोगदाही पाहण्यासाठी खुला आहे, पण आत थंडी असते आणि वेळा ऋतूनुसार बदलतात, त्यामुळे आधी चौकशी करावी. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात बर्फ गृहीत धरावा.

किरणोत्साराबद्दल : एक दिवस मोकळ्या हवेत फिरण्याने काळजी करण्याजोगे काही होत नाही. रेडॉन हा वायू आहे. उघड्यावर तो पातळ होऊन जातो. तो साचतो बंद खोल्यांत आणि बोगद्यांत. याखिमोव्हच्या काही जुन्या घरांत खाणीतला किंवा कारखान्यातला टाकाऊ माल बांधकामात वापरला गेल्याने रेडॉनची पातळी फार वाढलेली आढळली आणि त्या घरांची दुरुस्ती करावी लागली. ही अडचण तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्यांची आहे, दिवसभराच्या पाहुण्यांची नाही. ढिगाऱ्यांवरचे दगड मात्र उचलू नयेत. एखादा जड, काळा, डांबरासारखा चमकणारा तुकडा सुंदर दिसतो. तो खिशात किंवा घरात ठेवण्याची वस्तू नव्हे, आणि विमानतळावर तो पकडला गेला तर समजावून सांगता सांगता नाकीनऊ येतील.

राहिला आईच्या गुडघ्यांचा प्रश्न. तिथले उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधारण वीस मिनिटांच्या स्नानांची मालिका म्हणून, काही आठवडे चालतात. सांधेदुखीच्या रुग्णांना काही काळ आराम पडल्याचे अनुभव आणि काही अभ्यास आहेत, पण सगळ्या डॉक्टरांचे त्यावर एकमत नाही, कारण रेडॉन हा दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतला तर कर्करोग घडवणारा वायूच आहे. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना हे उपचार देत नाहीत. एका दिवसाच्या भेटीत एखादे स्नान करून गुडघ्यांना काही फरक पडेल, अशी अपेक्षा ठेवू नये. उपचार खरोखर हवे असतील तर आईच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासणीचे कागद घेऊन, निराळा बेत आखून जावे. या भेटीत त्यांना कार्लोव्ही व्हारीचे गरम झरे पुरेसे आहेत. तिथल्या पाण्याचा रेडॉनच्या उपचारांशी संबंध नाही, आणि चढही बेताचा आहे.